जेसनमधला एकटा नल

घरची हळद असते म्हणून मी घरच्यांसाठी एक छोटं वेबपान बनवलंय, सांगलीच्या यार्डात राजापुरी हळदीला आज क्विंटलला काय दर निघाला एवढंच दाखवणारं. दर जिथून येतो तो सर्व्हर उत्तर जेसनमध्ये देतो, म्हणजे प्रोग्रॅमनी एकमेकांना माहिती पाठवायच्या एका ठरलेल्या साच्यात. पण ऑब्जेक्ट (नावं देऊन बांधलेला माहितीचा गठ्ठा) वगैरे काही पाठवत नाही, नुसता आकडा, समजा १५२००, आणि सौदा नसेल त्या दिवशी नुसतं नल (null), म्हणजे 'काहीच नाही'. आणि हे नियमात बसतं बरं का. जेसनचे नियम सांगणाऱ्या २००६ च्या आरएफसी ४६२७ या दस्तऐवजात जेसन बाहेरून ऑब्जेक्ट नाहीतर ॲरेच (यादी) पाहिजे असं होतं, पण २०१४ च्या ७१५९ पासून नुसता आकडा, स्ट्रिंग (मजकूर), ट्रू, फॉल्स, नल काहीही चालतं, आणि वेबपानं बनवायच्या पीएचपी या भाषेतलं जेसन वाचणारं फंक्शन, जेसन डीकोड (json_decode), तर त्याच्याही आधीपासून हे घेत होतं.

मी नल आला की "आज सौदा नाही" असं लिहिलेलं. एका सकाळी काकांचा फोन, "अरं तुझं ते सौदा नाही म्हणतंय म्हणून टेम्पो भरायचा थांबवला, आणि इथं यार्डात पोत्यांच्या राशी लागल्यात की!" मला कसंतरीच झालं.

बघितलं तर सर्व्हर बंद होता आणि जेसनच्या जागी एचटीएमएलचं पान येत होतं. आता गंमत बघा, जेसन डीकोडला असलं काही दिलं तरी ते ओरडत नाही, गुपचूप नल देतं, आणि खरा नल दिला तरी नलच देतं, म्हणजे उत्तर बघून काहीच कळत नाही. त्यासाठी लगेच जेसन लास्ट एरर (json_last_error, शेवटची चूक कोणती ते सांगणारं फंक्शन) विचारावं लागतं, शून्य आलं तर चूक नाही, नल खरा. पण हे विसरायला होतंच, म्हणून मी आता पीएचपी ७.३ पासून मिळालेला जेसन थ्रो ऑन एरर (JSON_THROW_ON_ERROR) हा फ्लॅग, म्हणजे जादा सूचना, लावलाय. जेसन डीकोडला द्यायच्या गोष्टींत तो चौथ्या जागी जातो, तिसऱ्या जागेला डेप्थ (एकात एक किती पातळ्या चालतील) असते, तिथं ५१२ द्यायचं. बिघाड असला की सरळ एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रॅम तिथंच थांबून चूक कळवतो.

रिकामी स्ट्रिंग पण तपासली, पीएचपी ७ पासून तिलाही एरर धरतात, त्याच्या आधी धरत नव्हते, जुन्या होस्टिंगवर असाल तर हे नक्की बघा. आणि आकडा अवतरणचिन्हांत आला तर इंट (पूर्णांक) नाही, स्ट्रिंग मिळते, म्हणून आता इज इंट (is_int, पूर्णांक आहे का ते बघणारं फंक्शन) लावूनच दर दाखवतो.

एक्सेप्शन आलं की पानावर येतं, "दर मिळाला नाही, अडत्याला फोन करा". काकांना फरक समजावला, त्यांनी टेम्पो दुसऱ्या दिवशी नेला.