इट वर्क्स!

त्या रविवारी सकाळी साडेसातला क्लायंटच्या मॅनेजरचा फोन आला तेव्हा मी लोकलमध्ये पेंगत होतो. "अहो, आमच्या साइटवर 'इट वर्क्स' असं काहीतरी येतंय. म्हणजे चालू आहे ना?"

मोबाइलवर साइट उघडली. त्यांचंच पान. रिफ्रेश केलं, तर अपाचे या वेब सर्व्हरचं (साइटची पानं पाठवणाऱ्या प्रोग्रामचं) कोरं स्वागताचं पान, ठळक अक्षरांत इट वर्क्स. पुन्हा रिफ्रेश, पुन्हा त्यांचं पान. रबाळेला उतरलो आणि फलाटावरच्या बाकावर लॅपटॉप उघडला.

रात्रभर महापेच्या ऑफिसात पॅचिंग, म्हणजे सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरचं अपडेट, केलं होतं. सर्व्हर सहा: दोन रॉकी, चार उबुंटू, दोन्ही लिनक्सचेच प्रकार. ही खिचडी आम्ही हौसेने शिजवलेली नाही. आमच्या आधीच्या लिनक्सचा, सेंटओएस ८ चा, सपोर्ट २०२९ पर्यंत मिळणार होता, तो ३१ डिसेंबर २०२१ लाच संपला. तेव्हा घाईत दोन मशीन रॉकीवर नेली, पुढची ज्याला जे येत होतं त्यावर चढवली. म्हणून आम्ही अ‍ॅन्सिबल या सगळ्या सर्व्हरना एकत्र हुकूम देणाऱ्या टूलचं 'पॅकेज' मॉड्यूल वापरतो. खाली इन्स्टॉल करणारं रॉकीचं डीएनएफ असो की उबुंटूचं एपीटी, वरून हुकूम एकच. मात्र पॅकेजची नावं ते बदलून देत नाही, तो तक्ता आपणच ठेवायचा.

या वेळी हवं होतं फक्त एचटीपासडब्ल्यूडी हे छोटं टूल, रिपोर्टच्या पानाला पासवर्ड लावायला. रॉकीवर ते 'एचटीटीपीडी-टूल्स'मध्ये येतं, उबुंटूवर 'अपाचे२-यूटिल्स'मध्ये. आमच्या नव्या पोराने उबुंटूच्या रकान्यात नुसतं 'अपाचे२' लिहिलं, ते अख्ख्या वेब सर्व्हरचं नाव. म्हणजे पकड मागितली आणि अख्खं गॅरेज आलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण डेबियनच्या घराण्यात (उबुंटू त्यातलंच) पाहुणा आला की लगेच पानावर बसवतात. सर्व्हिस इन्स्टॉल झाली की आपोआप सुरू होते, आणि बूटला उठायच्या यादीतही जाते. रॉकीच्या घराण्यात, रेड हॅटकडे, 'बसा' म्हटल्याशिवाय सहसा कोणी बसत नाही. एन्जिनएक्स, म्हणजे साइट चालवणारा आमचा नेहमीचा वेब सर्व्हर, आम्ही पॅचआधी बंद करतो आणि शेवटी मशीन रीबूट करतो. रीबूटनंतर पोर्ट ८० साठी, म्हणजे साइटच्या एकाच दारासाठी, दोघांची शर्यत लागली. तीन मशीनवर अपाचे आधी पोचलं. एन्जिनएक्सने 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' असं पाच वेळा लॉगमध्ये लिहिलं आणि गप्प बसलं.

आणि मॉनिटरिंग? येणाऱ्यांना सहा मशीनवर वाटून देणारा लोड बॅलन्सर प्रत्येक मशीनचं मुखपृष्ठ मागतो आणि २०० हा 'ठीक आहे'चा कोड आला की खूश. अपाचेचं स्वागताचं पानही २०० च देतं. त्यामुळे सगळे दिवे हिरवे. पानावर काय लिहिलंय ते पाहायला कोणालाच सांगितलेलं नव्हतं. तो चेक दोन वर्षांपूर्वी मीच लावलाय.

दुरुस्ती चार मिनिटांची. अपाचे थांबवलं, डिसेबल केलं, एन्जिनएक्स उठवलं. तोवर बाकाशेजारच्या काकांनी दोनदा विचारलं, "ठाण्याची गेली का हो?"

सोमवारी रिपोर्टमध्ये 'मानवी चूक' असं गेलं. मानव म्हणजे तो पोरगा, हे न लिहिताही सगळ्यांना कळलं. मला ते पटलेलं नाही. त्याने बदल आधी टेस्ट मशीनवर चालवून पाहिला होता, पण आमचं टेस्ट मशीन एकच, आणि तेही रॉकी. उबुंटूचं मागून आठ महिने झाले, बजेटवाले दर वेळी विचारतात की टूल एकच आहे तर मशीन दोन कशाला. आणि तक्त्यातली ती ओळ शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे तपासायला आली होती. मी ती वाचली होती. 'अपाचे२' दिसलं, ओळखीचं वाटलं, ओके दिलं.

आता उबुंटूच्या प्लेबुकमध्ये, म्हणजे हुकुमांच्या यादीत, पहिल्याच पायरीला पॉलिसी-आरसी-डी नावाची छोटी फाइल ठेवतो. ती १०१, म्हणजे 'परवानगी नाही', परत करते, मग इन्स्टॉल करताना कुठलीच सर्व्हिस सुरू होत नाही. पण रीबूटला उठणाऱ्यांना ती अडवत नाही, त्यासाठी वेगळं मास्क करावं लागतं, म्हणजे ती सर्व्हिस सुरूच होऊ शकणार नाही असं कुलूप लावावं लागतं. हे पोरानेच शोधून सांगितलं, "सर, तुमची फाइल अर्धंच काम करते."