फ्लेक्सवरचा दीन कामगार

एप्रिल संपत आला की ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत खांबाखांबावर फ्लेक्स चढतात. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच तारखेला, म्हणून शुभेच्छाही जोडीने. त्यात एखादा कामगार हमखास ‘दीन’ निघतो. दिवस या अर्थी दिन ऱ्हस्व. वेलांटी दीर्घ झाली की तो गरीब, बिचारा. (अर्थ अगदीच खोटा म्हणवत नाही.)

लिहिणाऱ्याला अडाणी ठरवण्याआधी नियम बघावा. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 1962चे 14 नियम 1972मध्ये 18 झाले. त्यांतल्या एकानुसार मराठी अकारान्त (शेवटी अ असलेल्या) शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षरातला इकार-उकार दीर्घ: फूल, वकील, बहीण. हाताला वळण तेच लागतं. पण ‘दिन’ तत्सम, संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून ऱ्हस्वच राहतो. पुढे प्रत्यय लागला की वकील ‘वकिलाला’ होतो, तत्सम शरीर मात्र ‘शरीराला’. शब्दाचं कूळ माहीत नसेल तर वेलांटी द्यायची कुठल्या आधारावर? नियम थोडे आहेत, पण सोपे नाहीत.

वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘अभिष्टचिंतन’ तर ठरलेलंच. अभि आणि इष्ट, दोन इ एकत्र आल्या की ई, म्हणून अभीष्ट. ‘आशिर्वाद’ आणि ‘उज्वल’ही तिथेच सापडतात, हवेत आशीर्वाद आणि उज्ज्वल.

काही चुका मात्र निव्वळ कीबोर्डच्या. भंडाऱ्यानंतर मंडळाला आभार मानायचे असतात आचाऱ्यांचे, छापून येतात आचार्यांचे! र, हलन्त, य असं टाइप केलं की रफार चढतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून J ही कळ दाबावी, म्हणजे नुक्त्याचा ऱ येतो. मग हलन्त आणि य. शिवाय युनिकोडपूर्वीच्या जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टाइप होते, मोबाइलवर चालणाऱ्या युनिकोडमध्ये नंतर. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर जुन्या फॉन्टात बदलताना हा क्रम नीट पलटला नाही, तर वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात.

छपाईआधी मजकूर शेवटच्या शब्दापासून उलटा वाचावा. सरळ वाचताना डोळा अर्थाबरोबर धावतो, अक्षरं सुटतात. उलट्या वाचनात ‘दीन’ सुटा दिसतो आणि टोचतो. अर्थात घाई असते, आणि मंडळ तपासतं ते फोटो आणि नावांचा क्रम. भाऊंचं आडनाव चुकलं तर रातोरात नवा फ्लेक्स लागतो. ‘अभिष्ट’ आठवडाभर लटकतं.