हत्तीचं पिल्लू खालूनच पडतं

लाकूडकामाची छोटी मशीनं दुरुस्त करणं हा माझा धंदा. स्क्रोल सॉ, म्हणजे दोरीसारखं बारीक ब्लेड वर-खाली हलवून लाकडात नागमोडी आकार कापणारं मशीन, घेऊन येणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते, ब्लेड तुटतं. त्या दिवशी काकू आल्या, जावयाने गाडीच्या डिकीतून त्यांचं मशीन उतरवून दिलं, आणि काकू म्हणाल्या, "ब्लेड अजून एकदाही तुटलेलं नाही हो. पण हे बघा जरा." पिशवीतून त्यांनी लाकडाचा हत्ती काढला.

हत्ती म्हणजे कोडं होतं. २० मिलिमीटर जाड लाकूड, हत्तीचे पाच तुकडे आणि पोटात एक पिल्लू. पिल्लावर वरून अंगठा दाबला की ते टपकन खाली पडायचं. खालून वर ढकललं की जेमतेम दोन मिलिमीटर यायचं आणि तिथेच आवळून बसायचं. मूल तर ते वरूनच उचलणार. काकूंनी खालून हातोडीने हलकेच ठोकून पाहिलं होतं, त्यात हत्तीची सोंड गेली होती.

मी हत्ती हातात फिरवला आणि मशीनकडे न बघताच सांगून टाकलं, "टेबल वाकडं आहे काकू. पाच मिनिटांचं काम."

हे सांगायला फार हुशारी लागत नाही. तुकडा एका बाजूने सुटतो आणि दुसऱ्या बाजूने अडकतो, म्हणजे काप तिरका पडलाय. तुकडा बाटलीच्या बुचासारखा एकीकडे निमुळता झालाय. दोन्ही बाजूंनी अडकत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा पुढून रेटा जास्त असतो, ब्लेड धनुष्यासारखं मागे वाकतं आणि वळणावर त्याचा मधला भाग वेगळ्याच वाटेने जातो. इथे दुखणं पहिल्या जातीचं होतं. टेबलाखाली अंशांची पट्टी असते, तिचा काटा शून्यावर होता. त्या पट्टीवर मी कधीच भरवसा ठेवत नाही.

मशीन बाकाला आवळलं. काकूंचं ब्लेड काढून टाकलं, माझ्याजवळचं नवं ७ नंबरचं चढवलं (नंबर जितका लहान तितकं ब्लेड बारीक) आणि ताण दिला. नव्या ब्लेडवर तेलाचा हात असतो, तो पकडीत घसरतो, म्हणून दोन्ही टोकांना पॉलिश पेपर मारून घ्यायची माझी सवय आहे. मग छोटा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, ब्लेडला लावून उजेडाकडे पाहिलं. गुण्या आणि ब्लेड यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी.

गुण्या चुकीचा असेल म्हणून दुसरी परीक्षा घेतली. हिला गुण्याच लागत नाही. एका जाड ठोकळ्याच्या कडेत ब्लेडने दोन मिलिमीटर खाच घ्यायची, मशीन बंद करायचं, ठोकळा टेबलावर सपाटच ठेवून अर्धं वर्तुळ फिरवायचा आणि तीच खाच मागच्या बाजूने ब्लेडच्या पाठीवर सरकवायची. टेबल काटकोनात असेल तर ब्लेड अलगद खाचेत शिरतं. तिरकं असेल तर वर किंवा खाली अडतं, आणि चूक दुप्पट होऊन दिसते. आमचं ब्लेड लोण्यातून सुरी जावी तसं शिरलं.

मग मी एक गोल कापला. वरून पडला, खालूनही निघाला.

"मशीन तर ठणठणीत आहे," मी म्हटलं. काकूंचा चेहरा पडला. मशीनमध्ये बिघाड निघाला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

इथे मी काय घोळ घातला होता ते मला नंतर कळलं. तपासायला घेतलेल्या मशीनवरचं त्यांचं ब्लेड आणि त्यांनी दिलेला ताण, दोन्ही मी आल्या आल्या पुसून टाकलं होतं. ज्याच्यामुळे काप तिरका पडत होता तेच काढून फेकलं आणि मग तिरका काप शोधत बसलो. एरवी हेच मी गिऱ्हाइकांना बजावून सांगतो की मशीन आहे तसं आणा, हात लावू नका.

टाकलेलं ब्लेड डब्यातून परत काढलं. २ नंबरचं होतं. दात बोटाला जेमतेम लागत होते.

"२० मिलिमीटरला इतकं बारीक?"

"बारीक काम आहे ना. बारीक कामाला बारीकच सुई."

"आणि हे किती दिवस चालवलंत?"

"तुटलं कुठे अजून?"

तेव्हा विचारलं, तुम्ही आधी काय करत होता. काकूंनी पस्तीस वर्षं शिवणकाम केलं होतं. मी त्यांचं ब्लेड पुन्हा चढवलं आणि म्हटलं, ताण तुम्ही द्या, नेहमी देता तसा. त्यांनी दिला. मी ब्लेडला नखाने छेडलं तर सूर नाहीच, नुसता थडथड आवाज. बोटाने बाजूला दाबलं तर सहज सहा-सात मिलिमीटर सरकलं. तीनच्या आसपास थांबायला हवं. छेडल्यावर तारेसारखा स्वच्छ, उंच सूर यायला हवा.

"जास्त आवळलं की दोरा तुटतो," काकू म्हणाल्या. त्यांच्या बाजूने ते अगदी बरोबर होतं. स्क्रोल सॉवरही फाजील ताणाने ब्लेड तुटतं, नाही असं नाही. पण सैल ब्लेडसुद्धा तुटतं, फक्त ते तुटण्याआधी बराच वेळ काम बिघडवत राहतं.

मग त्यांना कापायला बसवलं आणि मी शेजारी स्टूल घेतलं. बसणं सुरेख होतं, पाठ ताठ, खांदे सैल, दोन्ही तळवे लाकडावर सपाट. कापडावर ठेवावेत तसे. पेन्सिलची सरळ रेषा होती. लाकूड त्यांनी ब्लेडच्या अगदी नाकासमोर धरलं. दोन इंच गेल्यावर ब्लेड रेषेच्या उजवीकडे सरकायला लागलं. काकूंनी डाव्या तळव्याने लाकूड उजवीकडे ढकललं आणि रेषा ब्लेडखाली आणली. पुन्हा सरकलं, पुन्हा ढकललं. वरून बघाल तर काप रेषेवरच.

निम्म्यात मी मशीन बंद केलं. "लाकडाला हलवू नका. आता हात हळूच उचला."

हात उचलल्याबरोबर लाकूड आपोआप डावीकडे सरकलं. दीडेक मिलिमीटर असेल. वाकवून धरलेलं ब्लेड सरळ झालं आणि त्याने लाकूड बरोबर ओढून नेलं. असं वाकलेलं ब्लेड वरून रेषेवर दिसलं तरी आत काप तिरका पाडतं. काकू बघतच राहिल्या. मी त्यांना हात पुन्हा ठेवायला लावले, पुन्हा उचलायला लावले. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच खाली वाकून समोरून ब्लेडकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, हे वाकतंय!"

ब्लेड उजवीकडे का ओढतं, हे अनेकांना शेवटपर्यंत कळत नाही आणि ते मशीनला दोष देत राहतात. ब्लेडला दात पाडताना पात्याच्या एका बाजूला बारीक बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, राहते. बहुतेक ब्लेडांत ती उजव्या बाजूला असते, म्हणून ती बाजू जास्त कापते आणि ब्लेड तिकडे जातं. यावर उपाय लाकूड ढकलण्याचा नाही, लाकूड थोडं तिरपं धरण्याचा आहे. अंगाजवळचं टोक तीन-चार अंश उजवीकडे, आणि मग सरळ पुढे सरकवायचं. दुसऱ्या कंपनीचं ब्लेड लावलं की हा कोन बदलू शकतो, म्हणून नवं पाकीट उघडलं की आधी टाकाऊ लाकडावर दोन-चार रेषा कापून बघाव्यात.

पण काकूंच्या हाताला हे पटेना. कापड सुईखाली तिरपं घालणं म्हणजे शिवण वाकडी, ही पस्तीस वर्षांची शिस्त. ७ नंबरचं ब्लेड, नीट ताण, सगळं दिलं तरी दर चार इंचांवर त्यांचा डावा तळवा ढकलायला यायचाच. फरक एवढाच की आता वाकणं कमी होतं. आम्ही दहा रेषा कापल्या. सात बिघडल्या.

मग त्या उठल्या, माझ्या बाकावरची मास्किंग टेप घेतली आणि एक पट्टी मशीनच्या टेबलावर ब्लेडच्या समोर चिकटवली, किंचित तिरपी. तिच्यावर पेन्सिलने रेघ मारली. "शिवणीला कडेपासून किती अंतर सोडायचं, त्याची आम्ही मशीनवर अशीच पट्टी लावतो. नवीन मुलीला शिकवताना." आणि लाकडावरची रेषा त्या रेघेशी समांतर ठेवून कापत गेल्या. अकरावी रेषा सरळ आली. मी निम्म्यात मशीन बंद केलं, त्यांनी हात उचलले, लाकूड जागचं हललं नाही.

इतकी वर्षं लोकांना हा कोन मी हवेत हात फिरवून समजावत होतो. पट्टी फक्त सरळ रेषेपुरती कामाची, वळणावर नजरच लागते. पण कोन एकदा हातात बसला की वळणावरही तो टिकतो.

टोकदार कोपऱ्याची अडचण त्यांना आलीच नाही. सुई कापडात रुतवून, शिलाई मशीनचा पाय उचलून कापड फिरवायची सवय. इथे ब्लेड चालूच ठेवायचं, एवढंच सांगावं लागलं. कोपऱ्यावर आल्यावर पुढचा रेटा सोडायचा, लाकूड केसभर अंगाकडे ओढून ब्लेडच्या पाठीवर टेकवायचं आणि तिथल्या तिथे चटकन फिरवायचं. पहिल्या फटक्यात जमलं. माझ्याकडे येणारे पुरुष गिऱ्हाईक या एका गोष्टीवर आठवडा घालवतात.

नवा हत्ती कापायच्या आधी सोंडेचं बोलणं झालं. हत्तीचा कागदी नमुना लाकडावर चिकटवताना लाकडाच्या अंगच्या रेषा, म्हणजे तंतू, त्यांनी पाहिल्याच नव्हत्या, त्या सोंडेला आडव्या गेल्या होत्या. अशी सोंड हातोडी लागली नसती तरी कधीतरी तुटलीच असती. नमुना फिरवून सोंड रेषांच्या लांबीत घेतली. पाय थोडे आडवे आले, पण ते जाड आहेत, चालतं. नमुन्याखाली पारदर्शक पॅकिंग टेप लावली. तिच्यामुळे ब्लेडला वंगण मिळाल्यासारखं होतं आणि कडक लाकूड कापाच्या कडेला काळं पडत नाही. जळकट कडा दिसायला लागल्या किंवा हाताला जोर लावावा लागला, की ब्लेड बदलायचं, तुटायची वाट बघायची नाही. जाड कडक लाकडात अर्ध्या तासातही ती वेळ येऊ शकते. काकूंना ही उधळपट्टी वाटली. वाद घातला नाही.

पिल्लू आधी कापलं, कारण बाहेरचा आकार आधी सुटा केला की धरायला काही उरत नाही. पोटात जिथे दोन रेषा मिळतात तिथे बारीक भोक पाडलं, ब्लेड वरून सोडवून भोकातून ओवलं. ओवताना काकू हसल्या. मग चाळीस मिनिटं कोणी बोललं नाही. मधे एकदा ब्लेड बदललं, त्यांनी स्वतःहून.

पिल्लू खालून ढकललं, वर आलं. वरून दाबलं, खाली गेलं. काकूंनी हे सात-आठ वेळा केलं.

जावई न्यायला आला तेव्हा त्यांनी जुना सोंडतुटका हत्ती माझ्या बाकावरच ठेवला. म्हणाल्या, पुढच्या कोणाला दाखवायला होईल. पट्टी मात्र त्या मशीनवर तशीच घेऊन गेल्या.

सगळे गेल्यावर माझ्या मशीनवर एक अर्धवट काम पडलं होतं ते घेतलं. सरळ काप होता. निम्म्यात आलो आणि काय वाटलं कोण जाणे, मशीन बंद केलं. हात उचलले.

लाकूड डावीकडे सरकलं. केसभरच, पण सरकलं. मी मास्किंग टेप शोधायला उठलो.