१७ नंबरचा फॉर्म

नववीच्या दिवाळीनंतर मी शाळेत गेलेच नाही. वडिलांनी ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम घेतली होती, टोळी सांगलीकडं निघाली, आणि कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या आमच्या झोपडीवर, भाकरी थापायला, धाकट्याला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. आईबाप तोडीला गेले की पोरांना राहायला आमच्या गावात हंगामी वसतिगृह होतं, पण आठवीपर्यंतच्या पोरांसाठी. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदाही १४ वर्षांपर्यंतच. ज्या वयात पोरीच्या हाती कोयता येतो नाहीतर तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, नेमकं तिथंच सगळं थांबतं. मोठा भाऊ आजीजवळ राहून दहावी झाला. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. ते अजून लागतं.

पाडव्याला परतलो तर पटावरून नाव कमी झालेलं. पुढचे दोन हंगाम मी मोळ्या बांधल्या आणि वाहिल्या.

१७ नंबरच्या फॉर्मबद्दल अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं. शाळा सुटलेल्यांना तो भरून दहावीला बाहेरून बसता येतं, पाचवी पास असलं तरी चालतं. माझं घोडं अडलं शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. शाळेत आधी 'साहेब नाहीत', मग 'रजिस्टर सापडत नाही', मग 'आता शिकून काय करणार?' तीन खेपा, तीन रोज बुडाले. चौथ्या खेपेला आई बरोबर आली आणि ऑफिसच्या दारात बसली. 'दाखला घेतल्याबिगर मी उठत न्हाई.' दुपारी दाखला हातात पडला. ज्यांची शाळा सुटतेय त्यांनी तो त्याच वेळी काढून ठेवा, माझं ऐका.

फॉर्म ऑनलाइन भरला, कागद नेमून दिलेल्या शाळेत जमा केले. खरी अडचण पुढंच होती. परीक्षा मार्चमध्ये, म्हणजे साखर कारखाने अजून चालू असताना. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमानं मला एकटीला अर्धा कोयता धरलं होतं. आईनं त्या वर्षी उचल कमी घ्यायला लावली, वडील आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मी आजीजवळ राहिले. भूमिती जमली, बीजगणितानं रडवलं. भावाची जुनी पुस्तकं होती, शिकवणारं कुणी नव्हतं.

५४ टक्के पडले. निकाल फोनवर सांगितला तेव्हा आई नुसती रडत होती.

यंदाच्या पावसाळ्यात शेजारच्या दोघींना घेऊन मी दाखल्यासाठी त्याच शाळेत गेले. साहेब नव्हते. सोमवारी परत जायचंय, आई येते म्हणालीय.