पाण्याची बातमी खेळाच्या पानावर

१३ एप्रिल २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश आला, तेव्हा आमच्या दैनिकाचं पहिलं पान जवळपास भरलं होतं. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांची १२५ वी जयंती. नागपुरात त्या दिवशीच्या अंकात जाहिराती आणि शुभेच्छांमुळे बातमीला किती कमी जागा उरते, हे बाहेरगावच्यांना सांगून पटत नाही. आदेश असा होता की, ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने दुष्काळामुळे महाराष्ट्राबाहेर न्यायचे. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली ती आदल्याच दिवशी. पहिल्या पानावर चार ओळी बसल्या, बाकी सगळं खेळाच्या पानाकडे आलं. ते पान माझ्याकडे होतं.

डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं, पान लवकर सोडावं लागतं, म्हणून वाद उभ्याउभ्याच झाला. वृत्तसंपादक म्हणाले, "सामने कुठं जाणार तेवढंच घ्या. पाणी, सरकार, कोर्ट नको. खेळाचा वाचक राजकारणाला कंटाळूनच त्या पानावर येतो."

मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. त्या वेळी क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष शशांक मनोहर, नागपूरचे. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस नागपूरचे. मंडळाचे सचिव अनुराग ठाकूर भाजपचे खासदार, आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष शरद पवार. सामन्यांसाठी पिण्याचं पाणी देणार नाही, हे फडणवीस काही दिवस आधीच बोलले होते. या बातमीत राजकारण आम्ही कालवलेलं नव्हतं. ते काढून टाकलं असतं तर पंजाबच्या संघाचे जामठ्यातले, म्हणजे नागपूरच्या स्टेडियममधले, सामने रद्द, एवढंच उरलं असतं. साहेबांना मी १९७४ ची आठवण दिली. डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचलेल्या भारताने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळायला नकार दिला आणि चषक सोडला. तो निकाल राजकारण वगळून कसा लिहायचा? ते म्हणाले, "बघा मग. पण वीस सेंटिमीटरच्या वर नको."

कोर्टातल्या याचिकेत सामन्यांना लागणाऱ्या पाण्याचा साठ लाख लिटरचा आकडा होता आणि टीव्हीवर सगळे 'पीचसाठी पाणी, पीचसाठी पाणी' म्हणत होते. मी ओळखीच्या एका जुन्या माळीकाकांना फोन लावला. मैदान तयार करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. पत्रकारांवर ते चिडूनच होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्धची जामठ्याची कसोटी तिसऱ्या दिवशीच आटोपली आणि आयसीसीने खेळपट्टीला 'निकृष्ट' शेरा दिला. मग मार्चमध्ये टी-२० विश्वचषकात न्यूझीलंडने भारताला तिथेच ७९ धावांत गुंडाळलं. "आता काहून फोन केला? पुन्हा पीचच का?" पण पाण्याचं विचारलं तसे ते खुलले.

खेळपट्टीची माती काळी. आधी तिला खोलवर पाणी पाजायचं, वाफसा आला की रोलर फिरवायचा, उन्हाने एकदम तडकू नये म्हणून झाकून ठेवायचं, पुन्हा रोलर. सामना तोंडावर आला की पाणी जवळपास बंद. "पीच किती पिऊन पिऊन पिते, ताई? नाव तिचं होते, पाणी पिते गवत. एवढं मोठं मैदान, वरून नागपूरचं ऊन. अन् सामना झाला काय, नाही झाला काय, गवत जगवाच लागते."

दिवसभराच्या चर्चेत मी हे कुणाच्याही तोंडून ऐकलं नव्हतं. सामने हलवल्याने नेमकं किती पाणी वाचेल, हा राज्यकारभाराचा प्रश्न, आणि त्याचं अर्धं उत्तर मैदानावरच्या माणसाकडे. ते मी चौकटीत घेतलं, मनोहर-फडणवीस-ठाकूर-पवारांच्या पदांसकट.

डेस्कवरच्या तरुण सहकाऱ्याने मुख्य बातमीला शेवटचा परिच्छेद जोडला होता. क्रिकेटचे धनदांडगे आणि त्यांचे राजकीय मालक यांना चपराक बसली, वगैरे. मी तो कापला. तो दुखावला. "राजकारण ठेवा म्हणून तुम्हीच भांडता अन् माझंच कापता?" त्यात एकही आकडा नव्हता, कुणाला फोन केल्याची खूण नव्हती. मुलगा हुशार होता, पण न राबता मत मांडायची सवय आमच्या धंद्यात फार लवकर लागते आणि वरचे लोक तिला धार म्हणून कौतुकाने बघतात.

अंक निघाल्यावर फोन आले. एक मानेवाड्याचे काका, मुलाला घेऊन सामना बघायला जाणार होते. "मॅडम, पेपर आम्ही शेवटून उघडतो. ते एक पान तरी आमचं राहू द्या." दुसरा फोन वरुडच्या संत्रा बागायतदाराचा, ज्याची विहीर आटली होती. गवताचं छापलं ते बरं केलं, म्हणाला. मैदानाला पाणी लागतं हे त्याला ठाऊक होतं, सामन्याविनाही लागतं हे नव्हतं. मानेवाड्याच्या काकांचं म्हणणं मी उडवून लावू शकत नाही. त्यांना जे पान हवं आहे, ते मलाही आवडतं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये दुबईत भारत-पाकिस्तानच्या कर्णधारांनी नाणेफेकीला हस्तांदोलन केलं नाही, तेव्हा ते सामन्याच्या बातमीतच यायला हवं होतं. जे मैदानात घडलं, ते वाचकापासून लपवायचा अधिकार आम्हाला नाही.

मला आजही सलतं ते त्या मे महिन्यातलं. सामने गेले, अंतिम सामना बंगळूरुला झाला. मैदानांना पाणी देणं खरंच थांबलं का, वाचलेलं पाणी कुणाच्या टँकरमध्ये गेलं, हे बघायला बातमीदार पाठवा, असं मी बैठकीत सुचवलं. खेळाचे प्रमुख म्हणाले, सामनाच नाही तर आपली बातमी कसली, शहरवाल्यांना द्या. शहरवाले म्हणाले, क्रिकेटचं आहे, खेळवाल्यांनी करावं. ती बातमी कुणीच केली नाही.