सपाट देशातली स्कीपटू

केली सिल्दारू हे नाव मराठवाड्यात फारसे कोणी ऐकलेले नसेल. बर्फाच्या उतारावरून वेगाने येऊन हवेत गिरक्या घेण्याचा जो फ्रीस्टाइल स्कीइंग नावाचा खेळ आहे, त्यात तिने २०१६ साली, वयाच्या अवघ्या १३ व्या वर्षी, अमेरिकेतील ॲस्पेन येथे एक्स गेम्स या साहसी खेळांच्या मोठ्या स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. ती एस्टोनियाची. त्या देशातील सर्वांत उंच टेकडी ३१८ मीटरची आहे आणि आमचे लातूर शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचावर वसलेले आहे. म्हणजे त्यांचे शिखर आमच्या गंजगोलाई या बाजारपेठेच्या जमिनीपेक्षाही जेमतेम निम्म्या उंचीवर. डोंगरच नसलेल्या देशातून अशी मुलगी घडली कशी, या प्रश्नामुळेच मी तिची कारकीर्द बारकाईने वाचू लागलो.

तिचा मुख्य प्रकार स्लोपस्टाइल. त्यात आधी लोखंडी रेलवरून घसरत जायचे आणि मग मोठमोठ्या उड्या घ्यायच्या. परीक्षक अवघडपणा, उंची, सफाई आणि जमिनीवर उतरणे पाहून गुण देतात. या खेळाडूंना नवी गिरकी थेट बर्फावर शिकवत नाहीत. आधी ट्रॅम्पोलिनवर अंगाला सवय लावतात, मग हवा भरलेल्या प्रचंड गादीवर किंवा पाण्यात उडी मारून घेतात आणि पडण्याची भीती मोडली की मगच बर्फ येतो. केलीचे सुरुवातीचे प्रशिक्षक तिचे वडीलच होते. डोंगर नसला तरी निर्धोकपणे पुन्हापुन्हा पडता येईल अशी जागा मुलांना मिळाली पाहिजे, हे मला या साऱ्यातले सर्वांत मोलाचे वाटते.

तरीही २०१७ मध्ये न्यूझीलंडमधील सरावात तिच्या गुडघ्याचा लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारा पट्टा, तुटला आणि २०१८ चे हिवाळी ऑलिंपिक हुकले. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच संपली असती. पण २०१९ मध्ये ती हाफपाइप प्रकारात, म्हणजे अर्ध्या नळीच्या आकाराच्या बर्फाच्या घळीत गिरक्या घेण्याच्या प्रकारात, जगज्जेती झाली, आणि २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये स्वित्झर्लंडची माथिल्ड ग्रेमो व चीनची आयलीन गू यांच्यामागे तिने स्लोपस्टाइलचे कांस्यपदक मिळवले. एस्टोनियाला त्या ऑलिंपिकमध्ये मिळालेले ते एकमेव पदक. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतील खरा पराक्रम कोणत्याही पदकापेक्षा दुखापतीनंतरच्या त्या महिन्यांचा आहे, ज्यांचे छायाचित्र कोणी छापत नाही.

हाच लिगामेंट आपल्याकडेही तुटतो. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे, ज्याने सैन्यात असताना सियाचीनचा बर्फही अनुभवला आहे, तो जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील स्टीपलचेस या अडथळे व पाण्यावरून उड्या मारत धावण्याच्या शर्यतीत पडला आणि त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच्यामागे निदान सैन्य आहे, डॉक्टर आहेत. आमच्या शेजारच्या कबड्डी खेळणाऱ्या मुलीमागे कोणीच नव्हते. मुरमाच्या मैदानावर चढाई करून परतताना तिचा पाय मुरगळला, गुडघा टरटरून सुजला, घरच्यांनी हळदीचा लेप लावला, मालीश करणाऱ्याकडे नेले आणि एमआरआय झाला तोपर्यंत मोसम संपून गेला होता. ती आता चालते व्यवस्थित. मैदानात मात्र उतरत नाही, आणि घरीही तिने उतरू नये असेच सर्वांना वाटते. त्या आईवडिलांना मी दोष देत नाही, कारण गुडघा पुन्हा कसा उभा करायचा हे त्यांना सांगणारे माणूस जवळपास नव्हते.

तालुक्यातालुक्यांत क्रीडा संकुलांच्या इमारती उभ्या राहत आहेत, त्यांचे स्वागतच आहे. पण त्या इमारतीत एक जाड मॅट आणि आठवड्यातून दोन दिवस तरी बसणारा फिजिओथेरपिस्ट असावा, ही मागणी पालकांनी आता लेखी करायला हवी. आमच्या गल्लीतील काही पालकांसह मी तसा अर्ज तयार करत आहे.