तुम्ही विचारलंत म्हणून: केऑसमधून चावी का निघत नाही?

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की कुणीतरी विचारतंच, “सर, केऑस थिअरीतून रँडम आकडे काढून त्यांची चावी केली आणि तिनं मेसेज लपवला, म्हणजे एन्क्रिप्शन केलं, तर? सुरुवातीचा आकडा एवढासा हलला तरी पुढचं सगळं बदलतं. हॅकरला कसं सापडणार?”

रॉबर्ट मॅथ्यूज यांनी १९८९ मध्ये हेच सुचवलं, आणि त्याच वर्षी व्हीलर यांनी त्यातली भोकं दाखवली. पण इतिहासानं पोरांचं समाधान होत नाही. मग मी एक खेळ देतो.

०.१ घ्या. दुप्पट करा, एक झालं किंवा एकच्या वर गेलं तर एक वजा करा, परत दुप्पट. वहीत ०.२, ०.४, ०.८, ०.६ असं कायम फिरत राहतं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत चालवा: चोपन्नाव्या पावलाला ०.५, पंचावन्नाव्याला शून्य, मग शून्यच. कॉम्प्युटरनं आकड्याचे ५३च बिट (शून्य-एकचे अंक) धरलेले असतात. दर दुप्पटीला डावीकडून एक गळतो. गळायला उरलं नाही की खेळ खलास. म्हणजे गोंधळ सूत्रात नव्हताच, पहिल्या आकड्याच्या शेपटीत होता. सूत्र फक्त ती शेपटी ओढून पुढे आणतं.

प्रोजेक्टवाल्यांचं आवडतं केऑसचं सूत्र, लॉजिस्टिक मॅप (आकडा गुणिले एक वजा तोच आकडा, गुणिले चार, परत परत), याचाच चुलतभाऊ. तो इतक्या लवकर मरत नाही, पण कॉम्प्युटरकडे आकडे मोजकेच, त्यामुळे कधीतरी जुन्याच जागी येतो आणि घाण्याचा बैल होतो.

एका बॅचनं तरीही केलं. लॅपटॉपवर लपवलेला मेसेज फोनवर उघडेना! दोन मशीनांचं राउंडिंग कुठेतरी शेवटच्या बिटात वेगळं पडलं होतं, बाकीचं केऑसनं चोख केलं. १९६१ मध्ये हवामानशास्त्रज्ञ लॉरेन्झनं ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ टाइप केलं, तेव्हा त्याच्या कॉम्प्युटरवरच्या हवामानाचं हेच झालं होतं.

कल्पना मात्र टाकाऊ नाही. माहितीशास्त्राचा पाया घालणाऱ्या क्लॉड शॅननच्या गुप्त संदेशांवरच्या १९४९ च्या लेखात मिसळण्यासाठी पिठाचं उदाहरण आहे: लाटा, घडी घाला, परत लाटा. चिरोटे करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. चाचा२० हा सायफर (मेसेज लपवायची पद्धत) असंच घोळवतो, फक्त पूर्णांकांवर: बेरीज, एक्सॉर (दोन बिट वेगळे असले तर एक, नाहीतर शून्य), बिट फिरवणं, वीस फेऱ्या. कुठल्याही मशीनवर उत्तर तेच. पण त्याचीही २५६ बिटांची चावी बाहेरूनच आणावी लागते. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीनं सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑफिसात लाव्हा लॅम्पच्या भिंतीवर कॅमेरा रोखलाय, तो असल्याच रँडम कच्च्या मालासाठी.

त्यामुळे विषय मी नाकारत नाही. एवढंच म्हणतो, “घ्या. पण पहिला आकडा कुठून आणणार, ते आधी सांगा.”